बॉडी नवी, लेन्सेस त्याच

गेल्या जत्रेला दशावतार शूट करत होतो, जुन्या कॅनन ७५०डी कॅमेऱ्यावर, आणि ऐन संकासुराच्या एन्ट्रीला रेकॉर्डिंग बंद. बिघाड वगैरे नाही, २९ मिनिटं ५९ सेकंदांचं लिमिट असतं त्यात, मीच विसरलो होतो. नाटक चालणार पहाटेपर्यंत आणि ह्याला अर्ध्या तासात डुलकी. पेटीवाले काका हसले, "काय रे झिला, तुझो कॅमेरो निजलो मां?"

तेव्हाच ठरवलं, बदलायचा. पण खिसा आपला कोकणी माणसाचा, आणि घरात तीन कॅननच्या लेन्सेस, १८-५५, ५५-२५० आणि ५० एमएम १.८ एसटीएम. जो तो म्हणतो सोनी घे. चांगलाच आहे हो, पण मग या लेन्सेसचं काय लोणचं घालू?

मित्राच्या सोनीवर लावून बघू म्हणून एक स्वस्तातली अडॅप्टर रिंग (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे बसणारी) मागवली, तिला वीज आणि सिग्नल नेणारे कॉन्टॅक्टच नव्हते. कॅननच्या जुन्या ईएफ माउंटच्या (माउंट म्हणजे लेन्स बसते ती खाच) लेन्सला अ‍ॅपर्चरची (प्रकाश आत सोडणाऱ्या भोकाची) रिंग नसते, ते कॅमेऱ्यानेच बदलायचं, त्यामुळे अ‍ॅपर्चर पूर्ण उघडंच राहिलं. त्यात ५० एसटीएमचा फोकस हाताने फिरवला तरी आतली मोटर फिरवते, मोटरला करंटच नाही, मी रिंग फिरवतोय फिरवतोय आणि चित्र ढिम्म हलत नाही. पैसे पाण्यात.

कॅननच्या मिररलेसवर, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांवर, हा ताप नाही. ईएफ माउंट सेन्सरपासून ४४ मिमीवर, मिररलेसचा आरएफ माउंट २० मिमीवर, मधल्या २४ मिमीत एक पोकळ नळकांडं, म्हणजे कॅननचा अडॅप्टर, बसवायचं, आत काच नाही म्हणून क्वालिटी तीच, आणि कॉन्टॅक्ट असल्यामुळे ऑटोफोकस, आयएस (लेन्समधलं हादरे कमी करणारं स्टॅबिलायझेशन) सगळं चालतं. फक्त बजेट काढताना अडॅप्टर आधीच धरा, मी धरला नव्हता आणि मग घरी बोलणी खाल्ली.

यातला आर१०० सगळ्यात स्वस्त, पण ४के व्हिडिओला फ्रेम कडेने कापतो (क्रॉप) आणि ड्युअल पिक्सल, म्हणजे कॅननचा चपळ ऑटोफोकस, पण जातो, म्हणजे आमच्यासाठी बाद. आर१० एका दमात दोन तास घेतो, मनात तोच होता, पण परवडेना. शेवटी आर५० घेतला. ४के ला क्रॉप नाही, तासभर सलग चालतो, आणि बॅटरी तीच एलपी-ई१७, माझ्याकडच्या जुन्या तिन्ही कामाला आल्या, हा आनंद वेगळाच. हेडफोनला जागा नाही हे मात्र खटकतं. मृदंग आणि झांज एकदम सुरू झाली की आवाज फाटतोय की काय हे घरी आल्यावरच कळणार, म्हणून पेटीजवळ वेगळा रेकॉर्डर ठेवतो. बॉडीत स्टॅबिलायझेशन पण नाही, पण रात्रभर कोण हातात धरून उभा राहणार, ट्रायपॉडच लागतो.

एक सेटिंग आधी बदला, व्हिडिओ सिस्टिम एनटीएससी असेल तर पाल करा, सेकंदाला २५ फ्रेम, शटर स्पीड १/५० सेकंद. आपली लाईट ५० हर्ट्झची, नाहीतर मंडपातले एलईडी व्हिडिओत लुकलुकतात आणि राजाच्या मुकुटावर काळे पट्टे सरकत राहतात.

५० एमएमच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली परवा, मालवणचा पावसाळा, दुसरं काय. व्हिडिओत अजून तरी दिसत नाही. आता तिन्ही लेन्सेस सिलिका जेल घालून घट्ट झाकणाच्या डब्यात आहेत, आणि आई त्यावर मुरांब्याची बरणी ठेवते.