वाघेरी फोटोत मावत नाही

वाघेरीच्या डोंगराचा मी काढलेला पहिला फोटो आईला दाखवला, तेव्हा चष्मा वर सरकवत ती म्हणाली, "हे वारूळ कुठलं?"

तिचं चुकलं नव्हतं. गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यात हा डोंगर उठता-बसता दिसतो. केरीच्या रस्त्याला लागलं की अर्धं आभाळ अडवून उभा. फोटोत मात्र खाली ऐसपैस डांबरी रस्ता, वर ऐसपैस आभाळ आणि मधे अंगठ्याएवढा उंचवटा. माझा हिशेब साधा होता: डोंगर मोठा, तर लेन्सही सगळं पोटात घेणारी हवी. म्हणून वाइड अँगल. ही लेन्स पायाजवळचा दगड फुगवते आणि लांबचं सगळं मागे ढकलून देते, हे मला दोन पावसाळे वाया गेल्यावर कळलं.

उपाय उलटा निघाला. डोंगरापासून लांब जायचं आणि तिथून झूम लावायची. मग पुढचं घर आणि मागचा कडा यांतलं अंतर आटल्यासारखं होतं, कडा घराच्या डोक्यावर येऊन उभा राहतो. चोर्ला घाटाकडच्या रांगाही अशा एकीला एक चिकटून येतात, पुढची गडद, मागची फिकी, त्याच्या मागची नुसती धुरकट रेघ. 'दुरून डोंगर साजरे' याचा शाळेत इतक्या वेळा वाक्यात उपयोग केला, पण प्रत्यक्षात उपयोग व्हायला चाळिशी उजाडावी लागली.

उजाडण्यावरून आठवलं. फोटोग्राफीचं कुठलंही पुस्तक उघडा, पहाटे उठा म्हणून सांगतं. मी उठलो. गजर लावून, अंधारात, पायाला जळवा लावून घेत. पण गोव्यात समुद्र पश्चिमेला आणि सह्याद्री पूर्वेला. सूर्य उगवतो तोच डोंगराच्या पाठीमागून, आणि आपल्याकडे येते ती काळी आकृती. थंडीत दरीत धुकं साचलेलं असलं तर ती काळी आकृतीही देखणी दिसते, एरवी नाही. कड्याच्या तोंडावर उजेड पडतो तो संध्याकाळी, समुद्राकडून. त्यातही डिसेंबरात सूर्य नैर्ऋत्येला बुडतो, म्हणून ऊन तिरकं लागतं आणि एकेका घळीची सावली उठून दिसते. सपाट उजेडात तोच डोंगर इस्त्री केल्यासारखा दिसतो. सकाळची झोप मोडायची काही गरज नव्हती, हा शोध मला फार उशिरा लागला.

उंचीचं म्हणाल तर आपली झेप बेताची. गोव्यातलं सर्वांत उंच शिखर सोंसोगोर, सत्तरीतच, ११६६ मीटर; कळसूबाई १६४६. त्यामुळे इथलं नाट्य दगडापेक्षा ढगावर जास्त अवलंबून. एप्रिल-मेमध्ये हवा अशी कोंदते की समोरचा डोंगर निळसर पडद्यामागे जातो. अमेरिकेत छायाचित्रकार अ‍ॅन्सल अ‍ॅडम्सने १० एप्रिल १९२७ रोजी योसेमिटीतल्या हाफ डोम या कड्याचा कृष्णधवल फोटो घेताना शेवटच्या उरलेल्या काचेच्या निगेटिव्हसाठी गडद लाल फिल्टर लावला. लाल फिल्टर निळा उजेड अडवतो, म्हणून आभाळ जवळजवळ काळं आलं आणि कडा पुढे झेपावला. मी आता फोटो कृष्णधवल करताना संगणकावर निळा रंग खाली ओढतो, युक्ती तीच. पोलरायझर, म्हणजे चकाकी अडवणारा फिल्टर, मात्र घेतला एका कामासाठी आणि लागला दुसऱ्याच. आभाळ गडद व्हावं म्हणून घेतला होता, पण सूर्य पाठीशी असला की त्याचा आभाळावर काही परिणाम होत नाही. भिजलेल्या पानांवरची पांढरी चकाकी मात्र तो छान काढून घेतो, आणि जुलैतला हिरवा खरा हिरवा दिसतो.

खोटा हिरवाही मी केलाय. रंगाची पट्टी उजवीकडे ओढत गेलो आणि मावशीने विचारलं, "शेवाळ्यावर उभा राहून काढलास काय रे?" तेव्हापासून फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने रंगरंगोटी न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये घेतो, ढग पांढरे फटक पडू नयेत म्हणून उजेड जरा कमीच ठेवतो आणि नंतर फक्त सावल्या थोड्या उघडतो.

पावसाळ्यात खरी लढाई बुरशीशी. एकदा लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी उमटली. तेव्हापासून हवाबंद डबा आणि सिलिका जेल. त्याआधी आईने एक लेन्स तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली होती. ती कोरडी राहिली खरी, पण फोकसच्या कड्यात कोंडा शिरला तो शिरलाच.

यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात दोन सरी पडून गेल्या आणि हवा धुऊन निघाली. संध्याकाळी पाचला मी लांब मागे जाऊन, तिपाई रोवून बसलो. खाली ऊन, वर वाघेरीच्या माथ्यावर काळा ढग टेकलेला, पायथ्याशी एक कौलारू घर. अर्धा तास थांबलो आणि सहा फोटो घेतले. घरी येऊन कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर आईला दाखवला.

तिने चष्मा वर केला नाही. "हा आत्ताचा?" एवढंच विचारलं.

"आत्ताचाच."

"मग असा बघत काय बसलायस?" म्हणत ती अंगणात धावली. कोकमाची शेवटची सोलं सुपात वाळत पडली होती.