मुक्कामाची गाडी आणि आठ टक्के बॅटरी

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मी एसटीचा कंडक्टर, ड्युटी गगनबावडा साईडच्या एका वाडीची मुक्कामाची गाडी. संध्याकाळी कोल्हापूरच्या रंकाळा स्टँडवरनं निघायचं, रात्री गावात झोपायचं, पहाटे परत. त्या दिवशी गावात पोचलो आणि तासाभरात लाईट गेली ती सकाळपर्यंत आलीच नाही, बावड्याच्या पावसात त्यात नवल नाही. समाजमंदिरातल्या ज्या बोर्डावर रोज तिकिटाचं मशीन चार्जिंगला लावतो तो बंद. पहाटे मशीन चालू केलं तर आठ टक्के.

आता तुम्ही म्हणाल जुनी तिकीट पेटी काढायची आणि पंच मारायचा. पेटी होतीच बरोबर, मी ती कधीच सोडत नाही. पण पेटीत ठराविक रकमेची तिकिटं, दोन-तीन जोडून भाडं करायचं. आणि हल्ली सवलती किती आहेत बघा, 75 वर्षांपुढच्यांना 26 ऑगस्ट 2022 पासून मोफत, महिलांना 17 मार्च 2023 पासून निम्मं, 65 ते 75 वाल्यांना निम्मं. मोफतवाल्यालाही शून्य रुपयाचं तिकीट द्यावंच लागतं, कारण सरकारकडून भरपाई त्याच आकड्यावर मिळते. मशीनला हे सगळं एका बटणावर, पेटीत शून्याचं तिकीटच नाही.

मग मी ठरवलं, फुल तिकीटवाले पुरुष पेटीतनं, आणि बायका, म्हातारी माणसं मशीनवर. स्क्रीनचा उजेड एकदम कमी केला, प्रत्येक तिकिटानंतर मशीन झोपवायचं. एक आजोबा म्हणाले, "मास्तर, फुकटच हाय न्हवं, कागद कशाला वाया घालवता?" त्यांना म्हटलं, आजोबा हा कागद फाडला तरच तुमचा प्रवास मोजला जातो, नाहीतर कागदोपत्री तुम्ही गाडीत बसलाच नाही. मग त्यांनी तिकीट घडी घालून टोपीत ठेवलं.

खरी अडचण पुढंच आली. लाईट नाही म्हणजे पोरांचे मोबाईलही मेलेले. शहरात कंपनीत कामाला जाणारा एक पोरगा, खिशात एक रुपया नाही, सगळं फोनवर. फोन दोन टक्के, आणि त्या पट्ट्यात तसाही रेंजचा पत्ता नसतो. मशीनवर क्यूआर दाखवला तरी स्कॅन काय आणि पैसे काय! बिचारा म्हणाला, मास्तर मी उतरतो. भर पावसात, पुढची गाडी दोन तासांनी, वाटेत मांडुकलीला रस्त्यावर पुराचं पाणी आलं तर तीही नाही.

तेवढ्यात मागच्या सीटवरच्या एका आजींनी कमरेची चंची सोडली. "उतरतोस कुठं बाबा, बस गप." स्वतःचं निम्मं तिकीट आणि त्याचं फुल तिकीट, दोन्हीचे पैसे सुट्ट्यात माझ्या हातावर ठेवले. ओळख ना पाळख. माझ्या डोळ्यात पाणीच आलं, खोटं कशाला सांगू.

साळवणला कॉलेजच्या पोरी चढल्या. त्यांच्यातल्या एकीनं पॉवर बँक काढून दिली, "काका लावा, आमच्याकडं लाईट होती." पिन बसली. कळे गावापर्यंत मशीन वीस टक्क्यांवर, मग जीवात जीव आला.

ही नवी मशीनं चांगलीच आहेत, सुट्ट्या पैशांवरनं रोजची भांडणं निम्मी झाली, हिशोबही पटकन जुळतो. पण शहरात ती जशी चालतात तशी वाडीवस्तीवर चालतील असं धरून चालत नाही. मुक्कामाच्या प्रत्येक गाडीत ड्रायव्हरच्या केबिनमध्ये चार्जिंग पॉइंट हवा, पेटी बंद करू नये, आणि रेंज नसेल तिथं क्यूआर चालत नाही हे पॅसेंजरला आधीच, चढताना सांगितलं पाहिजे. मी तरी आता दारातच सांगतो, "कॅश ठेवा हो बरोबर."

बालिंग्याचा पूल ओलांडला. रंकाळा स्टँडवर गाडी थांबली तसा तो पोरगा चहाच्या टपरीकडं पळाला, फोन चार्जिंगला लावायला, आजींचे पैसे टाकायचे म्हणून. आजींकडं साधा बटणाचा फोन. त्यांना सीपीआरला, सरकारी दवाखान्यात, जायचं होतं, केएमटीची सिटी बस दिसली तशा त्या चढून गेल्यासुद्धा. पुढच्या सोमवारी तो पुन्हा माझ्या गाडीत होता, हातात आजींच्या तिकिटाएवढे सुट्टे पैसे, रोख. साळवणपर्यंत दारातच उभा राहून प्रत्येक स्टॉपला बाहेर वाकून बघत होता.