ग्रँथमचं दुकान आणि वेल्सची खाण

यूकेला तीन आठवडे होते, भाच्याकडे, रेडिंगला. लंडन झालं, बाथ झालं, स्टोनहेंजला एवढी गर्दी होती की दगड कमी आणि जॅकेटंच जास्त दिसली, आणि हॉटेलचा थंडगार सँडविच खाऊन माझं पोट दोन दिवस बिघडलं होतं. त्या सगळ्यावर मी लिहित नाही, खूप जणांनी लिहिलंय. मला लिहायचंय ते फक्त दोन दिवसांबद्दल, जे मी हट्टानं मागून घेतले. एक दिवस ग्रँथमला, ब्रिटनची पंतप्रधान होती त्या मार्गारेट थॅचरचं जन्मगाव, आणि एक दिवस वेल्समधल्या बिग पिट नावाच्या कोळशाच्या खाणीत. भाचा म्हणाला, "मावशी, ग्रँथमला कोण जातं गं?" म्हटलं मी जाते, तुला यायचं तर ये.

कारण सांगते. माझे बाबा लालबागच्या एका मिलमध्ये साचेवाले होते, म्हणजे माग चालवायचे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी आठ वर्षांची. अडीच लाखाच्या आसपास माणसं एका दिवसात घरी बसली. पहिले काही महिने चाळीत सणासारखं वातावरण होतं, मग आईच्या बांगड्या गेल्या, मग मला आणि भावाला संगमेश्वरला आजोळी पाठवलं. दोन वर्षांनी मी परत आले तोवर बाबा रात्री एका गोडाऊनवर वॉचमन म्हणून जायला लागले होते. सकाळी घरी आले की चहा घेताना पेपर मोठ्यानं वाचायचे, आणि त्या वर्षी, म्हणजे १९८४ ला, पेपरात आतल्या पानावर कुठेतरी इंग्लंडच्या खाण कामगारांच्या संपाची बातमी असायची. बाबा ती शोधून वाचायचे. म्हणायचे, "त्यांचा टिकेल. त्यांची युनियन एकच आहे." मग मार्च १९८५ मध्ये एक दिवस त्यांनी ती बातमी वाचली, पेपरची घडी केली आणि झोपायला गेले. मोठ्यानं वाचली नाही. मी अकरा वर्षांची होते पण ती घडी मला अजून दिसते.

म्हणून ग्रँथम. तो संप जिनं मोडला ती थॅचर इथलीच. लंडनच्या किंग्ज क्रॉसहून ट्रेननं तासाभराच्या वर लागतं. छोटं, नीटनेटकं, थोडं उदास गाव. सेंट पीटर्स हिलवर न्यूटनचा पुतळा आहे (तो इथल्याच शाळेत शिकला) आणि आता थॅचरचाही आहे. हा पुतळा खरं म्हणजे लंडनला पार्लमेंटसमोर बसवायचा होता, तिथे परवानगी नाकारली म्हणून इथे आला. चौथरा मुद्दाम उंच केलाय, माणसापेक्षा खूपच उंच. तरीसुद्धा मे २०२२ मध्ये बसवल्यावर दोन-तीन तासांत कोणीतरी त्यावर अंडी मारली. मेलेल्या बाईवर, तिच्याच गावात. मला ते आवडलं नाही, खरंच नाही आवडलं, आणि त्याच वेळी ती अंडी मारणाऱ्याचा राग कुठून आला असेल हेही मला माहीत होतं.

तिच्या वडिलांचं किराण्याचं दुकान नॉर्थ परेडवर कोपऱ्याला आहे. आता किराणा नाही, भिंतीवर पाटी आहे. वडील आल्फ्रेड रॉबर्ट्स, मेथडिस्ट चर्चमध्ये प्रवचन करायचे, पुढे गावाचे महापौरही झाले. ती दुकानाच्या वर राहायची. तिथून ऑक्सफर्डला केमिस्ट्री, मग वकिली, १९७५ ला कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाची नेता, मे १९७९ ला पंतप्रधान, सलग तीन निवडणुका जिंकून नोव्हेंबर १९९० पर्यंत. साडेअकरा वर्षं. मी त्या फुटपाथवर उभी राहून वर खिडकीकडे बघत होते आणि मनात आलं की दुकानदाराची मुलगी इथून तिथे पोचली हे सोपं नव्हतंच, तेही त्या पक्षात, सगळ्या बड्या घरच्या पुरुषांमध्ये. आमच्या चाळीतल्या बायकांना तिचं कौतुक होतं. इंग्लंडलाही आता बाईच, असं म्हणायच्या. इंदिरा गांधी गेल्या तेव्हा ती दिल्लीला अंत्यविधीला आली होती. त्याच्या तीनच आठवडे आधी ब्रायटनच्या हॉटेलात तिच्यावर बॉम्बहल्ला झाला होता, ती वाचली, पाच माणसं गेली, तरी ती आली.

पुतळ्यासमोरच्या बाकावर एक आजी बसल्या होत्या, ऐंशीच्या पुढच्या. भाच्यानं त्यांना विचारलं तर त्या सांगायला लागल्या की आम्ही कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, घरात भाड्यानं राहायचो, थॅचरच्या कायद्यानं ते घर आम्हाला स्वस्तात विकत घेता आलं. १९८० चा कायदा तो. तिच्या काळात अशी दहा लाखांहून जास्त घरं विकली गेली. आजी म्हणाल्या, आधी सगळ्या दारांना कौन्सिल देईल तोच रंग, घर आपलं झाल्यावर नवऱ्यानं पहिल्यांदा काय केलं तर दार पिवळं रंगवलं. हे सांगताना त्यांच्या डोळ्यात पाणी आलं. दहा बाय बाराच्या खोलीत वाढलेल्या मला कुणी स्वतःच्या दाराचं महत्त्व समजावून सांगायची गरज नाही. मी त्यांचा हात धरून बसले थोडा वेळ.

मग चार दिवस पाऊस. घरीच.

वेल्सला भाच्याच्या गाडीनं गेलो, एम-फोरवरून, सेव्हर्नचा मोठा पूल ओलांडून. ब्लायनॅव्हन हे गाव उंचावर आहे, वारा असा की बोलता येत नाही. आजूबाजूचे डोंगर हिरवेगार, मेंढ्या चरतायत, आणि मग भाच्यानं दाखवलं की यातले कितीतरी डोंगर नाहीतच, खाणीतून काढलेल्या मातीचे ढीग आहेत त्यावर गवत उगवलंय. गिरणगावात मिल पाडून टॉवर उभे राहिले, चिमणी कुठे होती तेही आता दाखवता येत नाही. इथे निदान ढीग ठेवलेत, आणि २००० साली या अख्ख्या परिसराला जागतिक वारसा म्हणून जाहीर केलंय. खाणीच्या तोंडावरचं मोठं चाक तसंच आहे. ते बघून मला आधी रागच आला, आपल्या लोकांचा.

खाली जायच्या आधी मोबाईल, घड्याळ, गाडीची चावीसुद्धा काढून घेतात, बॅटरी असलेलं काहीही चालत नाही, ठिणगी पडली तर गॅस पेटू शकतो. मग डोक्यावर हेल्मेट, त्यावर दिवा, कमरेला जड बॅटरी आणि एक डबा, हवा खराब झाली तर त्यातून श्वास घ्यायचा. आमचा गाईड साठीला टेकलेला, जाडजूड, आणि स्वतः खाण कामगार होता. ज्या पिंजऱ्यातून कामगार जायचे त्याच पिंजऱ्यातून नव्वद मीटर खाली गेलो. खाली वाकून चालावं लागतं, पायाखाली पाणी, आणि एका बाजूला घोड्यांचे तबेले, प्रत्येक घोड्याचं नाव पाटीवर लिहिलेलं. घोडे वर्षानुवर्षं खालीच राहायचे.

एका ठिकाणी गाईड थांबला, म्हणाला सगळ्यांनी दिवे बंद करा. बंद केले. असला काळोख मी आयुष्यात बघितला नव्हता, बघितला असं तरी कसं म्हणणार, हात डोळ्यासमोर धरला तरी हात आहे हे फक्त हातालाच कळत होतं. तो म्हणाला, १८४२ च्या कायद्याआधी पाच-सहा वर्षांची मुलं अशा काळोखात दारापाशी बसायची, हवेसाठी दार उघडायचं आणि लावायचं, दिवसभर तेवढंच काम. कुणीच काही बोलेना. मग आमच्यातला एक शाळकरी मुलगा काळोखातच म्हणाला, "ही खाण थॅचरनं बंद केली का?"

गाईडनं लगेच उत्तर दिलं नाही. मग म्हणाला, "नाही. ही १९८० च्या फेब्रुवारीत बंद झाली, कोळसा संपला होता. खोटं नको बोलायला. माझी खाण दुसरी होती. माझ्या खाणीत कोळसा होता." एवढंच बोलला आणि दिवा लावला. त्या माणसाचा चेहरा मला आधी दिसला, मग बाकी सगळं.

वर आल्यावर आम्ही कँटीनमध्ये बसलो, कामगारांच्या न्हाणीघराच्या इमारतीत. एका बाजूला मळके कपडे काढायचे, मध्ये शॉवर, पलीकडे स्वच्छ कपड्यांचे लॉकर. ही इमारत १९३९ ची, त्याआधी माणसं तशीच काळीकुट्ट घरी जायची आणि बायको चुलीपुढे टबात पाणी ओतायची. गाईडची सुट्टी झाली होती, तो चहा घेऊन आमच्या टेबलावर आला कारण मी खाली तबेल्यापाशी रडत होते ते त्यानं बघितलं होतं. चहा कडक होता आणि त्यानं पैसे देऊ दिले नाहीत. यूकेतला मला मिळालेला सगळ्यात चांगला पाहुणचार तो.

संप सुरू झाला तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. मार्च १९८४, सरकारी कोळसा बोर्डानं वीस खाणी बंद करायचं जाहीर केलं, वीस हजार नोकऱ्या जाणार होत्या. साउथ वेल्स जवळजवळ शेवटपर्यंत टिकलं. नॉटिंगहॅमशायरचे बरेच कामगार मात्र कामावर जात राहिले, देशभर मतदान घेतलंच नाही हे त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खरं होतं असं तो स्वतःच म्हणाला. त्याची आई वेल्फेअर हॉलमध्ये रोज दोनशे माणसांचं जेवण करायची. आधी घराबाहेर न बोलणारी बाई, पुढे लंडनला जाऊन माईकवर बोलून पैसे गोळा करून आणायची. कामावर जाणाऱ्या एका कामगाराला सोडायला निघालेल्या टॅक्सीवर पुलावरून काँक्रीटचा ठोकळा टाकला गेला आणि ड्रायव्हर मेला, नोव्हेंबर १९८४, ते सांगताना त्यानं कप खाली ठेवला. म्हणाला, त्या दिवशी आम्ही हरलो, बाकी सगळं नंतर कळलं.

भाचा तिकडेच शिकलेला, त्यानं थॅचरची बाजू मांडली. महागाई १९८० मध्ये अठरा टक्क्यांवर गेली होती, खाणी तोट्यात होत्या, तिच्याआधी पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सनच्या काळात तर तिच्याहून जास्त खाणी बंद झाल्या. गाईडनं सगळ्याला मान डोलावली. म्हणाला, विल्सनच्या वेळी एक खाण बंद झाली की शेजारच्या खाणीत काम मिळायचं, किंवा फॅक्टरीत. नंतर शेजारच काही राहिलं नाही.

मला इतकी वर्षं जे नीट मांडता येत नव्हतं ते मला तिथे त्या टेबलावर सुचलं. १९८१ मध्ये खाण कामगारांनी संपाची धमकी दिली तेव्हा थॅचरनं माघार घेतली होती, कारण तयारी नव्हती. मग तिनं तीन वर्षं तयारी केली. वीज केंद्रांवर कोळशाचे डोंगर साठवले, वाहतुकीची सोय केली, गावोगावचे पोलीस कुठे कसे पाठवायचे ते ठरवलं. इतकी हुशार, इतकी कष्टाळू बाई, एकही गोष्ट नशिबावर सोडली नाही. आणि संप मोडल्यानंतर खाणींच्या त्या खोऱ्यांचं काय करायचं, याची त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढीसुद्धा तयारी केली नाही. उलट संपाच्या मध्येच, जुलै १९८४ ला, तिनं आपल्या खासदारांसमोर 'आतला शत्रू' असं म्हटलं. आधी फॉकलंडला बाहेरच्या शत्रूशी लढलो, आता आतल्याशी. पिवळ्या दारवाल्या आजींसाठी तिनं जे केलं ते मी नाकारत नाही, पण तेवढीच आपली मानायला हवी होती ती दोनशे माणसांचं जेवण करणारी बाई. ती बाई आपली नाही असं तिनं ठरवलं, आणि हे मी तिला माफ करू शकत नाही.

मग गाईडनं मला विचारलं, तुझे बाबा काय करायचे. मी सांगितलं, कापड गिरणी, साचे, मुंबई, १९८२. त्याला काहीच माहीत नव्हतं. किती दिवस चालला तुमचा? मी म्हटलं, मागे कधी घेतलाच नाही. कुणी जाहीर केलं नाही की संपला, माणसं हळूहळू गेली, मिल बंद पडत गेल्या. त्याला वाटलं मी इंग्रजी चुकीचं बोलले, म्हणून त्यानं भाच्याकडे बघितलं. भाच्यानं मान डोलावली. मग तो खूप वेळ माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे तुझे वडील अजून संपावरच आहेत, लव्ह." तिकडे सगळ्यांनाच लव्ह म्हणतात.

५ मार्च १९८५ चा विषय निघाला तेव्हा त्यानं सांगितलं की ऱ्होंडा खोऱ्यातल्या मार्डी खाणीचे कामगार त्या दिवशी बँड वाजवत, झेंडे घेऊन, बायकामुलांसकट कामावर परत गेले. हरले होते, पण लपून गेले नाहीत. ती खाणही १९९० ला बंद झाली. त्याची त्याआधीच. बंद झाली तेव्हा नोकरीच्या दर वर्षाला हजार पौंड असा हिशेब होता, त्याची वर्षं कमी, पैसे लवकर संपले. ब्रिटनची शेवटची खोल कोळसा खाण, यॉर्कशायरमधली, डिसेंबर २०१५ ला बंद झाली, तो टीव्हीवर बघत होता.

निघताना त्यानं मला हाताला धरून पायऱ्यांवरून उतरवलं, ओलं होतं म्हणून.

परतीच्या वाटेवर पुलाच्या अलीकडे गाडी थांबवून मी बाबांना फोन लावला. डोंबिवलीला रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते, पण ते जागे होते, वॉचमनच्या नोकरीपासून त्यांना रात्री झोप कमीच. गिरणी कामगारांच्या घरासाठी फॉर्म भरलाय, नंबर अजून लागलेला नाही. मी त्यांना सगळं सांगितलं, पिंजरा, काळोख, घोड्यांची नावं, तो माणूस, बँड वाजवत परत गेलेले कामगार. ते ऐकत होते. मग म्हणाले, "देणी मिळाली का त्यांना?"

म्हटलं, हो बाबा, मिळाली. दर वर्षाला हजार पौंड.

"वेळेवर?"

"हो."

"बरं झालं," म्हणाले. मग विचारलं तिकडे थंडी फार आहे का, आणि भाच्याला गाडी सावकाश चालवायला सांग.