राणीच्या बागेची नवी आखणी, झाडांच्या बाजूने

भायखळा स्थानकाच्या पूर्वेकडून बाहेर पडून थोडे चालले की राणीची बाग येते. कागदोपत्री ती वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान व प्राणिसंग्रहालय आहे, परंतु टॅक्सीवाल्यापासून शाळेच्या सहलीपर्यंत सर्वांच्या तोंडी जुनेच नाव आहे. फेब्रुवारीतल्या एका सकाळी मी तेथे गेलो तो एक प्रश्न मनात धरून: हे प्राणिसंग्रहालय उद्या नव्याने आखायचे ठरले, तर पहिली रेघ कोठे ओढावी? आपल्याकडे अशी चर्चा बहुधा कोणता नवा प्राणी आणायचा येथून सुरू होते आणि तेथेच संपते. दिवसभर बाग पायी फिरल्यावर माझे मत असे झाले की पहिली रेघ झाडांभोवती ओढावी आणि प्राण्यांची निवड त्यानंतर करावी.

त्याचे कारण या जागेच्या इतिहासातच आहे. 1862 मध्ये ही बाग लोकांसाठी खुली झाली ती वनस्पती उद्यान म्हणून. प्राणिसंग्रहालय तिला पुढे जोडले गेले. आत शिरल्यावर आधी भेटतात त्या जुन्या वास्तू. डेव्हिड ससूनच्या नावाचा घड्याळाचा मनोरा, 1872 मध्ये खुले झालेले आणि आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाणारे संग्रहालय, आणि त्याच्या बाहेर उभा असलेला घारापुरीचा दगडी हत्ती. 1864 मध्ये हा हत्ती इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना यारी (क्रेन) तुटली आणि त्याचे तुकडे झाले. ते 1914 मध्ये पुन्हा सांधले गेले. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने 2009 मध्येच प्राणिसंग्रहालयांतील हत्तींना बाहेर, मोकळ्या जागी हलवण्याचे निर्देश दिले होते. माझ्या आखणीत जिवंत हत्तीला जागा नाही. सुमारे 50 एकरांच्या बागेत त्याला न्याय देता येत नाही, आणि हत्तीविषयी मुलांना जे सांगायचे, त्याची सुरुवात या दगडी हत्तीपाशी उत्तम होऊ शकते.

तेथून पुढे झाडांचे राज्य सुरू होते. जाड, फुगीर खोडाची गोरखचिंच, पानांचे द्रोण झालेला कृष्णवड, फांद्या सोडून थेट खोडावर फुलणारा कैलासपती, आणि म्यानमारहून आलेली उर्वशी, जिचे लाल-पिवळे घोस त्या दिवशी झुंबरांसारखे लोंबत होते. त्या झाडाखाली मी बराच वेळ उभा होतो. येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी वर पाहिले, कारण वर पाहा असे सांगणारे तेथे काहीच नव्हते. सगळ्या पाट्या आणि बाण पुढच्या पिंजऱ्याकडे नेत होते. मुंबईच्या मध्यभागी तीन हजारांच्या आसपास वृक्ष एकत्र उभे असणे ही काही साधी गोष्ट नाही. 2007 च्या सुमारास परदेशी सल्लागारांकडून या जागेचा 400 कोटींहून अधिक खर्चाचा भव्य आराखडा तयार झाला, तेव्हा काही नागरिकांनी, त्यांतही मुख्यतः महिलांनी, एकेका झाडाची नोंद करून या वनस्पतिवैभवाची बाजू लावून धरली आणि तो आराखडा आवरता घ्यावा लागला. आज आपण त्या सावलीत चालतो, याचे मोठे श्रेय मी त्यांना देतो.

झाडांपासून सुरुवात करायची, याचा बांधकामातला अर्थ अगदी रोकडा आहे. जुन्या वृक्षाची अन्न-पाणी शोषणारी मुळे जमिनीच्या वरच्या थरात, फांद्यांच्या घेराबाहेरही पसरलेली असतात. खंदक खणला, काँक्रीटचा पाया घातला किंवा बुंध्यापर्यंत फरशी बसवली की झाड लगेच पडत नाही. काही वर्षांनी ते शेंड्याकडून वाळत येते आणि तोवर त्याचे कारण सगळे विसरलेले असतात. म्हणून नकाशावर प्रथम मुळांचे घेर काढावेत, त्या घेरांत खोदकामाला पूर्ण बंदी असावी, आणि उरलेल्या जागेत जे बसेल तेवढेच बांधावे. असे केले तर प्राण्यांची आवारे आपोआप कमी होतील. ती कमी व्हावीत असेच मला वाटते.

प्राणिसंग्रहालयांच्या आखणीचा जगातला प्रवासही याच दिशेने झाला आहे. जर्मनीत प्राण्यांचे व्यापारी कार्ल हागेनबेक यांनी 1907 मध्ये हॅम्बुर्गजवळ लोखंडी गजांऐवजी खंदक वापरून प्राणी उघड्यावर दाखवले. पुढे 1970 च्या दशकात अमेरिकेतील सिअॅटलच्या वुडलँड पार्क प्राणिसंग्रहालयात गोरिलांसाठी दाट झाडी उभी केली गेली आणि पाहणाऱ्यालाही त्याच झाडीतून चालवले गेले. पुण्याच्या पेशवे पार्कमधील प्राणी पुढे टप्प्याटप्प्याने कात्रजला गेले; तेथे तळ्यासह सुमारे 130 एकर जागा असल्याने आवारांना ऐसपैसपणा देता आला. राणीच्या बागेकडे तेवढी जमीन नाही. परंतु सिअॅटलला जी झाडी मुद्दाम लावावी लागली, ती येथे दीडशे वर्षांची तयार आहे.

पेंग्विनांच्या इमारतीपाशी मोठी रांग होती. 2016 मध्ये दक्षिण कोरियातील सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले आणि पुढच्या वर्षी ते लोकांना पाहता येऊ लागले. काचेसमोर मुले हरखून उभी होती आणि त्यांचा आनंद खराच होता. जे पक्षी येथे आहेत त्यांची उत्तम निगा राखली जावी, याबद्दल दुमत नाही. मात्र पेरू आणि चिलीच्या थंड किनाऱ्यावरच्या पक्ष्यासाठी मुंबईत हवा आणि पाणी दोन्ही अहोरात्र गार ठेवावे लागते, आणि बाहेर पडल्यावर आपल्या शेजारच्या सह्याद्रीतला एकही प्राणी मुलांना तितक्या तपशिलाने भेटत नाही, ही उणीव मला फार बोचली.

शेकरू या मोठ्या खारीचेच पाहा. आपला राज्यप्राणी, पण मुंबईतल्या किती मुलांनी तो पाहिला असेल? तो जमिनीवर क्वचित उतरतो, फांद्यांवरूनच ये-जा करतो आणि काटक्या-पानांची एकापेक्षा अधिक घरटी बांधतो. बागेतल्या उंच झाडांच्या एखाद्या रांगेला जाळीचे लांब आवार घातले आणि त्याच्या शेजारून हळूहळू चढत जाणारी लाकडी वाट नेली, तर शेकरू आणि ती झाडे एकाच पातळीवरून पाहता येतील. त्याच वाटेच्या खालच्या टप्प्यात पिसोरी हे इवलेसे हरीण आणि वाघाटी हे जगातल्या सर्वांत लहान मार्जारांपैकी एक असलेले मांजर ठेवता येईल. तिघेही आकाराने लहान आहेत, मर्यादित जागेत त्यांना चांगले आयुष्य देता येते, आणि तिघेही याच मातीतले आहेत.

वाघाच्या आवारासमोर गर्दी काचेवर थापा मारत होती आणि सुरक्षारक्षक शिट्टी फुंकत होता. येथे दोष केवळ लोकांचा नाही. आखणीनेच त्यांना मोठ्या काचेसमोर घोळक्याने उभे केले आहे आणि प्राणी समोर आलाच पाहिजे अशी अपेक्षा निर्माण केली आहे. मी एका मोठ्या काचेऐवजी निरनिराळ्या कोनांतून पाच-सहा अरुंद झरोके ठेवीन, प्रत्येकापुढे बाक ठेवीन, आणि वाघाला पूर्णपणे दृष्टीआड होता येईल अशी जागा आत नक्की ठेवीन. दडण्याची सोय असलेला प्राणी अधिक निवांत असतो आणि निवांत प्राणी आपणहून बाहेर येतो. वाट पाहण्याची तयारी नसेल तर पाहणेही घडत नाही, हे जंगलात गेलेला कोणीही सांगेल.

आणखी एक गोष्ट पर्यटकाला कधीच दिसत नाही, ती म्हणजे मागच्या खोल्या. संध्याकाळी बाग बंद होते आणि दुसऱ्या दिवशी उघडेपर्यंत अनेक प्राणी त्या खोल्यांत असतात, म्हणजे त्यांचे निम्म्याहून अधिक आयुष्य तेथेच जाते. तरीही नव्या कामाचा बहुतेक पैसा आणि कौतुक दर्शनी भागाला मिळते. माझ्या आराखड्यात या खोल्यांना लागून रात्रीही उघडे राहणारे मातीचे अंगण असेल, आणि प्राणिरक्षकांशी बोलल्याशिवाय एकाही दाराची जागा ठरणार नाही, कारण कोणते दार कोणत्या बाजूला उघडले की प्राणी बिथरतो, हे फक्त त्यांनाच ठाऊक असते.

राहिला तिकिटाचा प्रश्न. 2017 मध्ये प्रवेश 5 रुपयांवरून 50 रुपयांवर गेला. प्राण्यांच्या देखभालीला पैसा लागतो हे मान्य आहे, पण लालबाग-परळच्या कामगार कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्या या सावलीत डबे उघडले आहेत. म्हणून प्राण्यांचा भाग आणि बागेचा भाग यांच्यामध्ये दुसरे फाटक असावे. तिकीट त्या आतल्या फाटकावर घ्यावे, आणि गोरखचिंचेपर्यंत, घड्याळाच्या मनोऱ्यापर्यंत व दगडी हत्तीपर्यंत कोणालाही सकाळी सहापासून विनामूल्य येता यावे.