पेजर वाजला की हातातलं काम टाकून पळणारी माणसं

ब्रिटनमध्ये मोठी शहरं सोडून जरा लहान गावांकडे गेलात की मधेच एक फायर स्टेशन दिसतं, आत चकचकीत बंब उभा, पण माणूस एकही नाही. बंद पडलेलं नसतं हो ते, ऑन-कॉल स्टेशन असतं. तिथले फायरफायटर त्या वेळी कुणाचे तरी केस कापत असतात, गॅरेजमध्ये गाडीखाली असतात, शेतावर असतात, नाहीतर घरी पोराला आंघोळ घालत असतात. पेजर वाजला की हातातलं टाकून धावायचं, आणि साधारण पाच मिनिटांत स्टेशनला पोचता येईल एवढ्याच अंतरात राहायचं किंवा काम करायचं, अशी अट बऱ्याच ठिकाणी असते.

मी अशाच एका स्टेशनजवळ राहते आणि मला या लोकांचं मनापासून कौतुक आहे, कारण आठवड्यातून एक संध्याकाळ ड्रिल असते तेव्हा दिवसभर काम करून आलेली ही माणसं पुन्हा शिड्या लावतात, होज म्हणजे पाण्याचे पाइप पसरतात, धुरात श्वास घेता यावा म्हणून हवेची टाकी असलेलं ब्रीदिंग अपॅरेटस पाठीवर चढवतात, भंगारातली एखादी मोटार आणून तिचं छप्पर कापायचा सराव करतात. हो, मोटार, कारण कॉल काही फक्त आगीचे नसतात, रस्त्यावरचे अपघात आणि पूरसुद्धा यांच्याकडेच.

याचा इतिहास शोधायला गेलं की फार जुनं काही सापडतं. 1666 च्या लंडनच्या आगीनंतर विमा कंपन्यांनी स्वतःची अग्निशमन पथकं काढली आणि विमा उतरवलेल्या घरांच्या भिंतीवर धातूची खूण ठोकली, ती जुन्या घरांवर अजून दिसते. पण खेड्यात विमा कंपनीचं पथक कुठून येणार? तिथं चर्चमध्ये चामड्याच्या बादल्या आणि पेटलेलं छप्पर ओढून काढायचे लांब आकडे ठेवलेले असायचे, नंतर आगीवर पाणी मारायचे चाकांवरचे हातपंप आले, ते ओढायला कुणाचे तरी घोडे मागून आणायचे आणि दोन्ही बाजूंनी पंप मारणाऱ्या गावकऱ्यांना बिअर पाजायची. 1824 मध्ये एडिनबरामध्ये जेम्स ब्रेडवूडनं शहराचं पथक उभं केलं तेव्हा त्यानं मुद्दाम छपरं घालणारे, सुतार, गवंडी, प्लंबर असे लोक घेतले, कारण घर कसं बांधलंय हे ज्याला माहितीये त्याला ते जळताना कुठून कोसळेल तेही कळतं. आणि ते सगळे आपापला धंदा सांभाळून हे करत होते! ब्रेडवूड पुढे लंडनला गेला आणि 1861 मध्ये टूली स्ट्रीटच्या आगीत भिंत अंगावर पडून गेला.

1938 च्या कायद्यानं अग्निशमन ही स्थानिक कौन्सिलांची जबाबदारी झाली, मग युद्धात 1941 ला सगळं एकत्र करून राष्ट्रीय दल केलं आणि 1948 ला परत कौन्सिलांकडे दिलं. युद्धातले भोंगे मात्र कितीतरी स्टेशनांच्या छपरावर राहिले, भोंगा वाजला की अख्ख्या गावाला कळायचं आणि लोक सायकलवरून पळत सुटायचे. काहींच्या घरी घंटा बसवलेली असायची, पेजर बरेच नंतरचे. 1976 ला ईस्ट ससेक्समध्ये मेरी जॉय लँगडन ही ब्रिटनमधली पहिली महिला फायरफायटर म्हणून भरती झाली, तीसुद्धा अशीच ऑन-कॉल, हे मला फार आवडतं. आणि पेन्शन? ती पूर्णवेळवाल्यांना होती, यांना नव्हती! हजारो जण त्यासाठी लढले, शेवटी 2006 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं (तेव्हा शेवटचं अपील तिथंच चालायचं) त्यांच्या बाजूनं कौल दिला, पण त्यानंतरही प्रकरण कितीतरी वर्षं चालूच राहिलं.

आता खरी अडचण दिवसाची आहे. बंब बाहेर काढायला बहुतेक ठिकाणी निदान चार जण लागतात, त्यात एक ड्रायव्हर आणि एक प्रमुख हवाच. रात्री माणसं मिळतात, पण सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच गावात कोण असतं? पूर्वी बेकरी, लोहार, छोटा कारखाना सगळं गावातच होतं, मालकालाही माहीत असायचं की आग उद्या आपल्याकडेही लागू शकते, म्हणून तो कामगाराला सोडायचा. आता नोकऱ्या लांबच्या शहरात, घरं महाग झाल्यामुळे तरुण लोक गावाबाहेर, आणि मग दुपारी बंब जागेवर असूनही क्रू नाही म्हणून ‘ऑफ द रन’ धरला जातो, कॉल आला तर पुढच्या गावाहून गाडी येते. मला वाटतं यात फायरफायटरांपेक्षा मालकांना विचारायला हवं, पेजर वाजल्यावर माणूस सोडायला तुम्ही तयार आहात का म्हणून. आणि घरून काम करणाऱ्यांनाही, तुमच्यातले कितीतरी जण आता दिवसभर गावातच असता, स्टेशन चालत जाण्याच्या अंतरावर असतं. ड्रिलच्या संध्याकाळी शटर उघडं असतं, आत जाऊन विचारा, तिथले लोक आनंदानं सगळं दाखवतात.