चार बॅकस्पेस

माझं डीटीपीचं दुकान अप्पा बळवंत चौकापासून हाकेच्या अंतरावर आहे. दोन मशीन, एक लेझर प्रिंटर, एक यूपीएस आणि एक स्टूल. स्टुलावर गिऱ्हाईक बसतं आणि माझ्या खांद्यावरून डोकावत चुका काढतं. लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, सोसायट्यांच्या नोटिसा, वर्षाकाठी एखादा कवितासंग्रह. १९९६ पासून हेच करतेय.

गेले सात आठवडे त्यातल्या दुसऱ्या मशीनवर एक अशी ऑपरेटिंग सिस्टीम नांदते आहे, जी अजून बाजारात यायची आहे. भाचा हिंजवडीला नोकरीला आहे, त्याने एका रविवारी येऊन टाकून दिली. "मावशी, यात मराठी खूप सुधारलंय म्हणे. तू वापरून बघ. तू दिवसाला जेवढं मराठी टाइप करतेस तेवढं ते बनवणाऱ्यांपैकी कोणी वर्षात करत नसेल." स्तुती केली की मी फसते, हे त्याला लहानपणापासून माहीत आहे. सिस्टीमचं नाव सांगत नाही. अजून चुलीवर आहे, उतरवलेली नाही. पण शितावरून भाताची परीक्षा होते, आणि मला लागलेलं शीत चांगलंच कच्चं होतं.

झालं असं, की एका गणेश मंडळाचा वार्षिक अहवाल आला. मजकूर अर्थातच व्हॉट्सॲपवर, तोही तुकड्यातुकड्यांनी. शीर्षकं आणि जमाखर्च मी टाइप केला, बाकीचं उचलून पेस्ट केलं. प्रूफ वाचायला त्यांचे एक जुने सभासद येतात, मराठीचे निवृत्त शिक्षक. लाल शाईचं पेन स्वतःचं आणतात, माझ्याकडच्या पेनांवर विश्वास नाही. दुसऱ्या पानावर ते थांबले, चष्मा कपाळावर चढवला आणि मोठ्याने वाचलं: "अडीचशे पानं उठवल्याबद्दल आचार्यांना विशेष धन्यवाद."

मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, मला माहीत असलेले आचार्य म्हणजे विनोबा. ते १९८२ साली गेले. आपल्याकडे भंडाऱ्याला वाढायला कोण आले होते?"

आचाऱ्यांना असायला हवं होतं. मी पान हातात घेतलं तर तिथे 'दुसर्या दिवशी' होतं, 'कार्यकर्त्यांच्या वार्या' होत्या, आणि एका सभासदाच्या मुलीच्या लग्नाचं 'वर्हाड' होतं. सरांनी पहिल्या दोन पानांत अकरा लाल गोल काढले. दर्या आणि दऱ्या यांत एक समुद्र आहे आणि दुसरं डोंगरातलं खोरं, हे आपल्याला दुसरीत शिकवतात. या मशीनला सगळं एकच.

मला आधी वाटलं फॉन्ट गंडलाय. पण शीर्षकातलं 'भंडाऱ्याचा खर्च' अगदी व्यवस्थित होतं आणि त्याच्याखालच्याच ओळीत 'भंडार्याच्या दिवशी'. एकच फॉन्ट, एकच पान. वरचं मी टाइप केलेलं, खालचं पेस्ट केलेलं. तिथे डोक्यात उजेड पडला.

मी इनस्क्रिप्टवर, म्हणजे कीबोर्डच्या एका मराठी मांडणीवर, टाइप करते. शिफ्ट धरून जे दाबला की ऱ येतो, मग डी दाबून त्याचा पाय मोडायचा, मग य. युनिकोडच्या तक्त्यात, म्हणजे संगणकासाठी सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत, हा नुक्त्याचा, खाली टिंब असलेला ऱ मुळात द्राविडी भाषांमधला एक उच्चार देवनागरीत लिहिता यावा म्हणून ठेवलाय. त्याचं अर्धं रूप मात्र आपल्या आचाऱ्यातलं. पण तीच अर्धी रेघ काढायची दुसरीही रीत आहे: साधा र, त्याचा पाय मोडायचा आणि पुढे एक न दिसणारं चिन्ह ठेवायचं. झिरो विड्थ जॉइनर. मी त्याला जोडक म्हणते. रुंदी शून्य, कागदावर छापलं जात नाही, पण तो असला तर आचारी आणि नसला तर आचार्य. मंडळाच्या कार्यकर्त्याच्या फोनमधला कीबोर्ड ही दुसरी रीत वापरत होता, आणि नवीन सिस्टीम पेस्ट करताना जोडक झाडून टाकत होती.

खात्री करायला मी बॅकस्पेस मोजले. तोच शब्द, 'दुसऱ्या', व्हॉट्सॲपवरून दोन्ही मशीनवर घेतला आणि शेवटून खोडत गेले. जुन्या मशीनवर पहिल्या बॅकस्पेसला काना गेला, दुसऱ्याला य. उरली ती फक्त आडवी वाकडी रेघ, भुवईसारखी, एकटीच लटकलेली. तिसऱ्या बॅकस्पेसला काहीच खोडलं गेलं नाही, पण रेघ नाहीशी होऊन तिथे पाय मोडका र् उभा राहिला. तो जोडक गेला होता. चौथ्याला मोडका पाय, पाचव्याला र. नवीन मशीनवर काना, य, पाय, र. चार. मधली भुवई आलीच नाही.

सरांना हे दाखवलं. त्यांनी स्वतः दोनदा मोजलं आणि म्हणाले, "म्हणजे हा अवग्रहापेक्षाही गरीब जीव." मग चहा मागवला.

संध्याकाळी भाच्याला फोन केला. तो म्हणाला, ही नवी सोय आहे, पेस्ट करताना मजकूर 'स्वच्छ' करते. न दिसणारी चिन्हं वापरून लोक खोट्या वेबसाइटची नावं खऱ्यासारखी दाखवतात, म्हणून ती काढतात. मुद्दा अगदीच टाकाऊ नाही, माझ्या शेजारच्या काकूंना अशाच एका लिंकने गंडवलंय. पण मग मी त्याला म्हटलं, थांब. फोनवरून ती आई, बाबा, मुलगी, मुलगा अशी चौघांची इमोजी पाठव. त्यानेच मला एकदा सांगितलं होतं की ती चार वेगळी चित्रं असतात आणि त्यांना मधे तीन जोडक धरून ठेवतात. हाच जोडक, दुसरा नाही.

इमोजी पेस्ट केली. कुटुंब एकत्र. कोणीही विभक्त झालं नाही.

म्हणजे जोडक कुठे ठेवायचा हे त्यांना कळतं! इमोजीसाठी अपवाद करायचं सुचलं, भाषेसाठी नाही. इतका वेळ मला फक्त वैताग होता, आता राग आला.

रिपोर्ट पाठवायला गेले तर तो फॉर्म म्हणजे एक वेगळंच प्रकरण. मेनू मराठीत, फॉर्म इंग्रजीत. 'समस्येचा प्रकार' म्हणून एकवीस पर्याय, त्यात 'लिपी' नाही. पहिला रिपोर्ट मी मराठीत लिहिला, त्याला पोच म्हणून इंग्रजी आभारपत्र आलं आणि पुढे सामसूम. दुसरा भाच्याने इंग्रजीत लिहून दिला. त्यात एक प्रश्न होता, किती वापरकर्त्यांवर परिणाम होतो: मोजके, काही, पुष्कळ. भाचा 'काही' निवडायला निघाला होता. मी त्याचा हात धरला. २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख लोकांनी मराठी मातृभाषा लावली आहे, आणि त्यातला प्रत्येक जण आयुष्यात एकदा तरी 'दुसऱ्या' लिहितो. 'पुष्कळ' लाव.

नऊ दिवसांनी उत्तर: 'अपेक्षेप्रमाणे चालते आहे.' रिपोर्ट बंद.

तिसऱ्या रिपोर्टमध्ये आम्ही तक्रार कमी आणि उपाय जास्त लिहिला. डोमेन नावांचे नियम करणाऱ्यांपुढे नेमका हाच पेच होता आणि त्यांनी तो २०१० साली सोडवलाय, आरएफसी ५८९२ या इंटरनेटच्या नियमपत्रात. जोडकाच्या लगेच आधी पाय मोडल्याचं चिन्ह असेल तर जोडक चालेल, एरवी चालणार नाही. बस. खोट्या लिंकवाल्यांना अडवायचं तर अडवा, पण पाय मोडल्याच्या चिन्हापाठोपाठ आलेल्या जोडकाला हात लावू नका. निदान सेटिंगमध्ये एक स्विच द्या. भाच्याने एक भर घालायची म्हटली होती, की पेस्ट करतानाच दुसऱ्या रीतीचं पहिल्या रीतीत रूपांतर करून टाकावं. ते मी काढायला लावलं. गिऱ्हाइकाचा मजकूर न विचारता बदलायचा नाही, हा धंद्यातला पहिला नियम. शोधताना मात्र दोन्ही रीती एकच धरल्या पाहिजेत. आज मी 'दुसऱ्या' शोधलं तर अर्धेच सापडतात.

एवढ्यावर आटोपलं असतं तर बरं. पण सात आठवड्यांत बाकीची रड पण साठली आहे.

बटणांची उंची इंग्रजी अक्षरं मोजून ठरवलेली दिसते. अक्षराच्या पायाखाली जे काही लटकतं ते कापलं जातं. त्यामुळे 'सुरू करा' हे 'सरू करा' दिसतं. बघा, स चा उकार गेला पण रू चा वाचला, कारण र आपला उकार पायाशी ठेवत नाही, कमरेला खोचतो. 'कृपया थांबा' चं 'कपया थांबा' झालंय. कपया हा कोणीतरी मुलगा असावा आणि मशीन त्याला रोज थांबवतंय असं मला वाटायला लागलंय. उपाय काही रॉकेट उडवण्याचा नाही. नमुना म्हणून 'कृष्णमूर्ती' हा शब्द घ्या, वर वेलांटी आणि रफार, खाली ऋकार आणि ऊकार. तो ज्या बटणात मावेल त्यात काहीही मावेल.

भाषांतराने तर माझी एक पत्रिका खाल्ली. खिडकी मिटायच्या बटणावर 'बंद करा' आणि मशीन बंद करायच्या बटणावरही 'बंद करा'. इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत, इथे कोणीतरी दोन्हींना एकच लावून मोकळं झालंय, बहुधा बटण कुठे बसणार आहे हे न बघता, नुसती शब्दांची यादी समोर ठेवून. घाईत मी खिडकी म्हणून दाबलं आणि मशीन झोपलं. साखरपुड्याच्या पत्रिकेचा पाऊण तास गेला. 'खिडकी मिटा' आणि 'संगणक बंद करा' लिहायला काय जातं? वरच्या पेठेतल्या कोणत्याही बाईला विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं, दार लावून घे वेगळं आणि दुकान बंद कर वेगळं.

जमाखर्चात १,२५,००० चे १२५,००० झाले, प्रदेश भारत निवडलेला असूनही. सभासदांच्या यादीत काळे हे काशीकरांच्या आधी आले. आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्याही नंतर बसतो, तेव्हा काळ्यांनी मागे थांबायला हवं. जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या फायली उघडल्या की कुत्र्याचे पाय मांजराला. हे शेवटचं मी रिपोर्ट केलं नाही. तो आमच्या पिढीचा पसारा आहे, आम्हीच निस्तरू. त्या फायलींसाठी जुनं मशीन ठेवलंय.

एक गोष्ट मात्र मनापासून आवडली आणि तीही मी कळवली. भाषा मराठी ठेवली की ल आपोआप पाकळीचा येतो आणि श देठाचा. शासनाने २००९ साली वर्णमालेचा निर्णय काढला तेव्हापासून मी हे दोन आकार गिऱ्हाइकांना समजावून सांगतेय, आणि भाषा हिंदी केली की तोच फॉन्ट हिंदी वळणाचे ल आणि श दाखवतो. म्हणजे ज्याने फॉन्ट काढला त्याला मराठी कळतं. ज्याने पेस्ट लिहिलं त्याची आणि याची जेवणाची वेळ वेगळी असावी.

सिस्टीमची नवीन बिल्ड, म्हणजे सुधारलेली आवृत्ती, परवा, गुरुवारी आली. पेठेत गुरुवार म्हणजे लाइट जाण्याचा वार, त्यामुळे डाउनलोड दोनदा तुटलं आणि यूपीएस किंचाळत राहिला. रात्री साडेआठला बसवून झाली. चालू केल्या केल्या पहिली पाटी दिसली: 'कृपया थांबा'. पूर्ण. ऋकारासकट. मी दुकानात एकटी होते तरी मोठ्याने "आला!" म्हटलं. 'सुरू करा' पण सुरू झालं होतं. 'बंद करा' दोन्हीकडे तसंच.

मग व्हॉट्सॲप उघडलं, मंडळाचा तोच मजकूर उचलला, पेस्ट केला आणि कर्सर 'आचाऱ्यां' च्या मागे नेऊन ठेवला. बॅकस्पेस. अनुस्वार गेला, तो मोजायचा नाही. काना. य. पडदा जवळून बघितला, भुवई दिसते का म्हणून.

पाय मोडका र्.

अहवाल जुन्या मशीनवरून प्लेटला पाठवला. सर उद्या अकराला येतायत, पेन घेऊन.