एकाच नाकपुडीतून वाहणारा पू

वडाळ्याच्या एका तबेल्यातून फोन आला, तेव्हा तुळशीच्या लग्नाला जेमतेम दहा दिवस उरले होते. बिजली नावाच्या नऊ वर्षांच्या पांढऱ्या घोडीला दोन महिन्यांपासून सर्दी असल्याचे मालकांनी सांगितले. त्यांचे वडील व्हिक्टोरिया, म्हणजे मुंबईची जुनी घोडागाडी, चालवत. 2015 साली उच्च न्यायालयाने त्या गाड्या बेकायदा ठरवल्यावर घराचा सगळा भार वरातींवर येऊन पडला होता, आणि तुळशीचे लग्न लागले की वरातींचा हंगाम सुरू होतो. घोडीला आधी दोनदा प्रतिजैविके दिली गेली होती. औषध चालू असेपर्यंत नाक कोरडे राही आणि थांबले की आठवड्याभरात पुन्हा वाहू लागे.

नाकातून दीर्घकाळ स्राव येणारा घोडा पाहिला की पशुवैद्याच्या मनात आधी ग्लँडर्सचा विचार यावा लागतो. हा जीवाणूजन्य रोग माणसालाही होतो आणि बाधित घोड्याला दयामरण देण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणून मी हातमोजे आणि मास्क चढवला, रक्ताचा नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जाईल अशी व्यवस्था केली आणि घोडीला वेगळे बांधायला सांगितले. “मॅडम, तसलं काही निघालं तर?” या प्रश्नाचे खरे उत्तर दिल्यावर मालक चंदीच्या पोत्यावर बसून राहिले.

तेवढ्यात तिथले वयस्कर मोतद्दार, ज्यांना सगळे मामा म्हणतात, एक फडके घेऊन पुढे आले. त्यात लिंबाएवढे, अर्धवट चावलेल्या गवताचे ओलसर गोळे होते. “ताई, हे ती तोंडातून टाकते. चावते ती नेहमी डावीकडनं, आणि वाहतं ते फक्त उजवं नाक,” ते म्हणाले. हे त्यांनी आधीही सांगितले होते, पण कोणी मनावर घेतले नव्हते. मी घोडीच्या तोंडाजवळ वाकले. ज्याने कुजलेली दाढ एकदा हुंगली आहे, त्याला तो वास पुन्हा ओळखावा लागत नाही.

घोड्याची दाढ माणसासारखी एकदा येऊन थांबत नाही. तिचा बराचसा भाग जबड्यात दडलेला असतो आणि चारा दळताना वरून जितकी झिजते तितकी, म्हणजे वर्षाला साधारण 2 ते 3 मिलिमीटर, ती खालून सरकत येते. वरच्या मागील दाढांची मुळे गालाच्या हाडातील सायनसच्या पोकळीला टेकलेली असतात. मुळाशी पू झाला की तो या पोकळीत उतरतो आणि त्याच बाजूच्या नाकपुडीतून बाहेर पडतो. प्रतिजैविकांनी पू आटतो, पण कुजलेली दाढ जागीच राहते. एक्स-रेत उजवीकडची वरची चौथी दाढ, आमच्या क्रमांकनात 109, मुळाशी पोखरलेली आणि पोकळी द्रवाने भरलेली स्पष्ट दिसली.

ग्लँडर्सचा अहवाल नकारार्थी आला, तोवर तुळशीचे लग्न होऊन गेले होते. दुसऱ्याच दिवशी सकाळी आम्ही घोडीला उभ्यानेच डेटोमिडीन आणि ब्युटॉर्फेनॉलची गुंगी दिली, वरच्या जबड्याची नस बधिर केली आणि तोंड उघडे ठेवणारा गॅग बसवून डोके आधारावर टेकवले. धनुर्वाताची लस आधीच दिली होती, कारण या रोगाला घोड्याइतका नाजूक प्राणी क्वचितच असतो. हिरडी सोडवून दाढेच्या पुढच्या आणि मागच्या फटीत स्प्रेडर, म्हणजे दाढा विलग करणारा चिमटा, दाबून धरला, तोही बेताने, कारण जोर जास्त झाला तर शेजारची निरोगी दाढ ढिली होते. मग दाढ उपटायचा चिमटा घट्ट बसवून अगदी थोडे, इंचभरही नाही, असे डावीकडे-उजवीकडे हलवत राहिले. पहिला तास काहीच घडले नाही. माझे मनगट भरून आले, ओढून पाहण्याचा मोह झाला. पण घाईत मूळ तुटले तर ते काढायला जबड्याचे हाड उघडावे लागते, हे मला पक्के ठाऊक होते. दुसऱ्या तासाच्या अखेरीस चिखलातून पाय निघावा तसा चुबुक आवाज आला आणि हिरडीच्या कडेला रक्ताचा फेस दिसला. हाच आवाज ऐकायला आम्ही थांबलेलो असतो. पुढच्या दाढेवर टेकू ठेवून चिमट्याची मूठ वर दाबली आणि दाढ सावकाश उतरली.

ती माझ्या तर्जनीएवढी लांब होती. तिन्ही मुळे मी बोट लावून मोजली. एक काळे, भुसभुशीत होते, पण अखंड. तरीही पुन्हा एक्स-रे काढून खात्री केली. चारा पोकळीत शिरू नये म्हणून खड्ड्याच्या तोंडाशी मेणाचा बूच बसवला आणि गालाच्या हाडाला छोटे छिद्र पाडून सायनस कोमट सलाइनने धुतला. पहिल्या धुण्यात नासलेल्या दह्यासारखा पू आणि गवताच्या काड्या बाहेर आल्या. रोजचे धुणे मामांनी शिकून घेतले, आणि आठव्या दिवशी पाणी जसे आत गेले तसेच स्वच्छ बाहेर आले.

त्या हंगामाच्या पहिल्या चार वराती मालकांना सोडाव्या लागल्या. चैत्रात मी पुन्हा गेले. समोरची खालची दाढ झिजवायला आता वर काही नव्हते, त्यामुळे ती थोडी वर आली होती. मी कानस चालवली आणि दर सहा महिन्यांनी हे करावे लागेल असे सांगितले. मामा घोडीचे डोके धरून उभे होते. गव्हाणीखाली त्या दिवशी एकही गोळा नव्हता. मी येण्याआधी त्यांनी स्वतः वाकून पाहिले होते.